गिझरचा पाझर

माझ्या हाती पान्हा आला की घरातली माणसं आपापल्या मौल्यवान वस्तू घेऊन पलीकडच्या खोलीत जातात. तरीही गिझरच्या बुडाशी असलेल्या त्या बारक्या नळीतून पाणी टपकताना दिसलं, तेव्हा मी प्लंबरला बोलावलं नाही. स्टुलावर चढलो, वायसर गेलाय असं स्वतःच ठरवून नट आवळला, तर टपटप थांबायची सोडून नटाच्या मुळाशी एक नवी धार सुरू झाली. तिच्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळायला घेतला, त्यातला निम्मा माझ्याच बोटांना गुंडाळला गेला. मग हे सगळं वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूममधून पाझरतंय अशी खात्री पटून तावातावाने वर गेलो, तिथे वाटीभर शिरा खाल्ला आणि त्यांचाही गळका नळ बघून देतो असं कबूल करून खाली आलो.

थेंब पडतच होते.

"अहो, बटण लावलं की टपकतं, बंद केलं की थोड्या वेळाने थांबतं, हे बघितलंत का?" बायकोने दारातूनच विचारलं. मी नव्हतं बघितलं. मी एमसील मळत होतो.

नळीच्या तोंडाला तो गोळा लावणार, एवढ्यात बायकोने परस्पर बोलावलेला प्लंबर आला आणि त्याने माझं मनगटच धरलं. "काका, इथे बूच मारलं तर टाकी फुटेल!"

पाणी तापलं की फुगतं. आमच्या 15 लिटरच्या टाकीतलं पाणी 25 अंशांवरून 75 वर गेलं की 2 टक्क्यांहून थोडं जास्त वाढतं, म्हणजे 300 मिलिलीटरच्या वर. नळ बंद, आणि मागे गच्चीकडे जायला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह वाट देत नाही. दाब चढत जातो. तो 8 बारच्या आसपास पोचला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं पाणी त्या नळीतून थेंबथेंब सोडतो. मी पदवीला भौतिकशास्त्र घेतलं होतं, याची बायकोने नेमकी तेव्हाच आठवण करून द्यायची काही गरज नव्हती.

"बटण बंद असताना दिवसभर गळलं तर सांगा," प्लंबर म्हणाला, "तेव्हा व्हॉल्व्हमध्ये क्षार नाहीतर कचरा अडकलेला असतो, किंवा सोसायटीच्या पंपाचा दाब जास्त असतो. आणि वाफाळतं पाणी यायला लागलं तर आधी बटण बंद करा. थर्मोस्टॅट गेलेला असतो." मग त्याने नळीला एक पातळ पाइप जोडून तो खाली जाळीपर्यंत सोडला.

टपकण्याचे त्याने पैसे घेतले नाहीत. मी आवळलेला नट बदलायचे घेतले.

एमसील तोवर माझ्या तळहातावर दगड झालं होतं. ते खरवडत बसलो असताना वरच्या काकूंचा फोन आला, नळ बघायला कधी येताय म्हणून. बायकोने मला न विचारता त्यांना प्लंबरचा नंबर दिला.