हात जात नाही

मोटारीचा हेडलाइट गेल्याचं मालकाला सगळ्यात शेवटी कळतं. शहरात रस्त्यावरचे दिवे लखलखत असतात, दोनांपैकी एका हेडलाइटवर काम भागतं आणि आपण बिनघोर चाललेले असतो. समोरून येणारा डिपर मारतो. आपण त्याला मनातल्या मनात दोन शब्द सुनावतो. मग सिग्नलला एखादा स्कूटरवाला शेजारी येऊन काचेवर टकटक करतो, "काका, पुढची एक लाइट बंद आहे." अनोळखी माणसाला फुकटात खरी माहिती देण्याचे दोनच प्रसंग आपल्या शहरांत शिल्लक आहेत. एक हा, आणि दुसरा स्कूटरच्या वर न केलेल्या साइड स्टँडचा.

इथवर सगळं ठीक असतं. बल्ब ही काही मोठी वस्तू नाही. पुण्यात नाना पेठेत जा, नाहीतर घराजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. साधा हॅलोजन बल्ब दोन-तीनशे रुपयांत मिळतो. वर दुकानदार "जोडीच टाका, दुसराही आता जाणारच" असा सल्ला देतो. सल्ला धंद्याचा असला तरी बरोबर असतो. दोन्ही बल्ब एकाच दिवशी कामाला लागलेले, दोघांचं आयुष्य काहीशे तासांचं, तेव्हा निवृत्तीही मागेपुढेच. माणूस खिशात दोन बल्ब घालून घरी येतो, बाह्या सरसावतो, बॉनेट उघडतो, आणि तिथून पुढे त्याच्या पुरुषार्थाचं काही खरं नसतं.

बॉनेटखाली हेडलाइटची पाठ दिसायला हवी. दिसते बॅटरी. बॅटरीला खेटून फ्यूजबॉक्स, अलीकडे एअर फिल्टरचा काळा डबा, पलीकडच्या बाजूला काच धुण्याच्या पाण्याच्या टाकीची वाकडी मान. या सगळ्या मंडळींच्या आड, बोटभर फटीपलीकडे, एक रबरी टोपण असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतं. ते ओढून काढायचं, तीन पायांचा प्लग उपसायचा, मग तारेची स्प्रिंगवाली क्लिप दाबून बाजूला सरकवायची. वाचायला सोपं आहे. पण क्लिप कुठल्या बाजूला सुटते हे कळायला ती दिसावी लागते, आणि ती दिसण्यासाठी जिथे डोकं न्यायचं तिथे आधीच हात असतो. शेवटी माणूस अडलेल्या गाईपाशी गुरांचा डॉक्टर उभा असतो तसा उभा राहतो: हात कोपरापर्यंत आत, नजर समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर, चेहरा ध्यानस्थ. हल्ली फटीत मोबाइल सरकवून फोटो काढायची युक्ती निघाली आहे. फोटोत क्लिप स्वच्छ दिसते. फक्त ती उलटी दिसतेय की सुलटी, यावर घरात एकमत होत नाही.

क्लिप सुटली, काळवंडलेला जुना बल्ब हातात आला, की खरी परीक्षा सुरू. नव्या बल्बच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, काचेला बोट लावू नका. हे सोवळं उगाच नाही. हॅलोजन बल्बची काच साधी नसते, क्वार्ट्‌झची असते. तार पेटली की ती भयंकर तापते, आणि बोटाचं तेल किंवा घाम लागलेल्या जागी ती कमजोर होऊन बल्ब अकाली जातो. म्हणजे जिथे पंजा शिरत नाही तिथे ही नाजूक वस्तू फक्त बुडाशी धरून, न बघता, खाचेत बसवायची. बुडाला तीन कान असतात, ते आपापल्या खाचेत बसले तरच बल्ब सरळ बसतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेल्या एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते. खाली जाणारा उजेड ती अडवते. त्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तिथून रस्त्याकडे झुकतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. एवढी हुशारी त्या दोनशे रुपयांत भरलेली आहे. बल्ब तिरका बसला की ती सगळी वाया, आणि आपण दुरुस्ती साधल्याच्या आनंदात समोरच्याला आंधळं करत सुटतो.

पूर्वी या वाटीवर लोकांचा फारसा भरवसा नसावा. ट्रक-टॅक्सींच्या हेडलाइटचा वरचा भाग काळ्या रंगानं माखलेला असायचा, नाहीतर मधोमध काळा ठिपका. दिसायला गबाळं, पण रंगाचा डबा आणि ब्रश एवढ्यावर काम भागायचं. त्या काळच्या गाड्यांना गोल डोळे होते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी घ्या किंवा अ‍ॅम्बेसेडर. दिव्याभोवती चकचकीत कडं, कड्याला स्क्रू. स्क्रू सोडवून कडं काढलं की दिवा पुढच्या बाजूनंच हातात यायचा, बॉनेट उघडायचं कारणच नव्हतं. स्टँडवर टॅक्सी लावून ड्रायव्हर हे काम सांगितलेला चहा येईपर्यंत उरकत असे.

अमेरिकेनं तर या बाबतीत समाजवादालाही लाजवलं होतं. १९४० पासून तिथे प्रत्येक मोटारीला एकाच मापाचा, सात इंची, गोल, सीलबंद दिवा. गाडी श्रीमंताची असो की गवंड्याची, दिवा तोच. पुढे आणखी काही ठरावीक मापं आली, पण तत्त्व तेच राहिलं. मग १९८३ मध्ये नियम सैल झाला, १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनवर गाडीच्या नाकाच्या आकाराबरहुकूम घडवलेला हेडलाइट आला, आणि तिथून प्रत्येक मॉडेलचे डोळे वेगळे झाले. कुणाचे तिरपे, कुणाचे वटारलेले, कुणाचे पार आरशापर्यंत ताणलेले. हल्ली रस्त्यावर एकही गाडी प्रसन्न दिसत नाही, सगळ्या कशावर तरी चिडलेल्या. आमच्या पिढीला गोल डोळ्यांची गाडी आवडते त्याचं कारण मला यातच दिसतं.

जागा गेली कुठे, असं विचाराल तर ती आपणच खाल्ली. एसी हवा म्हणून रेडिएटरपुढे कंडेन्सर आला. एबीएस हवं म्हणून त्याचा ठोकळा आला. आत पाय पसरायला जागा हवी म्हणून इंजिन आडवं झालं आणि नाक आखूड. शिवाय कारखान्यात हेडलाइट पुढून बसवतात, त्यानंतर बंपर चढतो. बसवणाऱ्याच्या दृष्टीनं काम एकदम सुटसुटीत, कारण त्याला तो दिवा पुन्हा कधी काढायचा नसतो.

युरोपात लागू असलेला संयुक्त राष्ट्रांचा ४८ क्रमांकाचा नियम सांगतो की बल्ब बदलायला गाडीसोबत दिलेल्या हत्यारांखेरीज वेगळं खास हत्यार लागता कामा नये, आणि बदलायची रीत कंपनीनं सविस्तर लिहून द्यावी. नियम करणाऱ्यानं हत्याराचा विचार केला, हाताचा केला नाही. रेनॉच्या दुसऱ्या पिढीच्या मेगान गाडीत बल्ब बदलायचा रस्ता पुढच्या चाकाच्या कमानीतल्या झाकणातून ठेवला होता. चाक वळवा, गुडघे टेका, चिखल झाडा, झाकण काढा आणि आत हात घाला. हत्यार लागत नाही, हे मात्र खरं.

आमच्या कोपऱ्यावर एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. माणूस कसलेला, वायरिंगचा वास घेऊन फ्यूज कुठला उडाला ते सांगणारा. पण हेडलाइटची गाडी आली की तो मागे वळून भाच्याला हाक मारतो. भाचा आयटीआयला जातो, त्याची मनगटं बारीक आहेत. आयुष्यभराचा अनुभव मनगटाच्या जाडीपुढे हरतो, हे तो हसत हसत मान्य करतो. मागे एका गाडीला भाच्यानंही हात टेकले.

"काका, हात जात नाही ओ. बंपर उतरवावा लागेल."

"दोनशेच्या बल्बसाठी बंपर?"

"बंपरचं काही नाही, मी उतरवतो. पण क्लिपा तुटतात. त्या नव्या घ्याव्या लागतील."

प्लॅस्टिकच्या त्या क्लिपा काढताना तुटतातच, त्यात कुणाचा दोष नाही. बिलावर मग बल्ब सगळ्यात खाली आणि सगळ्यात स्वस्त.

यावर एलईडी हा उपाय म्हणतात. २००७ साली लेक्ससच्या एका महागड्या गाडीत डिपरला एलईडी आले, आता ते मध्यमवर्गीयाच्या गाडीतही आहेत. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पावसाळी रात्री कोकणात घाट उतरताना पांढऱ्या पट्टीचा कोपरान्‌कोपरा दाखवणारा तो उजेड मला पद्मिनीच्या पिवळ्या उजेडापेक्षा शतपटींनी हवा आहे. शिवाय ते सहसा जात नाहीत. पण गेले तर बहुतेक गाड्यांत बदलायला आत बल्बच नसतो. अख्खा हेडलाइट बदलायचा, आणि त्याचा आकडा पाच अंकी. पार्किंगमध्ये कुणा सायकलवाल्यानं हळूच धक्का दिला, काच शाबूत राहिली आणि मागचा प्लॅस्टिकचा कान तुटला, तरी अनेकदा तेच एस्टिमेट.

मधला मार्ग म्हणून बाजारात जुन्या रिफ्लेक्टरमध्ये घालायचे पांढरेफेक एलईडी बल्ब मिळतात. कृपा करून ते घालू नका. रिफ्लेक्टर घडवलेला असतो हॅलोजनच्या तारेच्या जागेवर. तिथे एलईडीचे ठिपके ठेवले की उजेड सैरावैरा पळतो. मालकाला वाटतं दिवस उजाडला. समोरच्याची रात्र होते.

थट्टा पुरे, कारण एका दिव्याची गाडी ही थट्टेची गोष्ट नाही. मुंबई-गोवा महामार्गावर अंधारात लांबून एकच दिवा येताना दिसला की आपण तो मोटारसायकलचा समजतो, तेवढ्याच बेतानं बाजू देतो, आणि जवळ आल्यावर त्या दिव्यामागून अख्खा ट्रक निघतो. त्याचा बंद दिवा डावीकडचा असेल तर निभावतं. उजवीकडचा, म्हणजे आपल्या बाजूचा असेल, तर ट्रकची कड नेमकी काळोखात असते. ट्रकवाल्याचा हलगर्जीपणा असतो, तसा आपलाही. बल्ब बदलणं जितकं अवघड, तितकं "बघू रविवारी" म्हणणं सोपं. संध्याकाळी गाडी लावताना समोरच्या भिंतीवर उजेडाचे दोन गोळे पडले का, एवढं पाहायला मात्र कुठलीही क्लिप काढावी लागत नाही.

आणि नवी गाडी घ्यायला जाल तेव्हा एक करा. सेल्समन सनरूफ सरकवून दाखवेल, पडद्याला फोन जोडून गाणं लावेल. त्याला म्हणा, "हे राहू द्या, हेडलाइटचा बल्ब काढून परत बसवून दाखवा." हॅलोजन असेल आणि त्याचा हात गेला, तर पुढचं बोलणं करा. एलईडी असेल तर अख्ख्या हेडलाइटची किंमत आणि त्यावरची वॉरंटी, दोन्ही बुकिंगच्या आधी लेखी मागून घ्या.