नट थोडा ढिला ठेवा

२०२२च्या जुलैत गूगलने भारतातली दहा शहरं रस्त्यावरून दिसतात तशी नकाशात आणली. त्यात मुंबई होती, पुणं होतं, नाशिक होतं, नगरसुद्धा होतं. वरोर नव्हतं. ही गोष्ट आमच्या भावोजींनी जेवढी मनाला लावून घेतली तेवढी वरोरमध्ये कोणीच घेतली नसेल. वरोर म्हणजे डहाणू तालुक्यातलं, चिंचणीच्या वरच्या अंगाला समुद्राला लागून असलेलं गाव. भावोजी राहतात बोरिवलीत, पण ‘आमच्याकडे’ म्हणाले की बोरिवली समजायची नाही.

‘गूगल येईल तेव्हा येईल,’ ते म्हणाले, ‘तोवर शेजारी वाढवणला बंदर उभं राहील आणि आमचा रस्ता ओळखू येणार नाही.’ घाई करायला कारण होतं. डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ साली नाकारलेलं बंदर त्याच प्राधिकरणाने २०२३ साली मान्य केलं. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणीही झाली. खर्चाचा आकडा ७६ हजार २२० कोटी, आणि बंदरापासून तवा गावापर्यंत ३२ किलोमीटरचा नवा महामार्ग. तेव्हा आहे तो रस्ता, वाड्या-बागांसकट, गाडीच्या टपावर कॅमेरा लावून टिपून ठेवायचा असं ठरलं. कॅमेरा हलू नये याची तजवीज माझ्याकडे आली, कारण मी एकदा ताईचा मिक्सर दुरुस्त केला होता. तो अजून चालतो. फक्त झाकण धरून बसावं लागतं.

सोसायटीच्या आवारात गाडी जागच्या जागी चालू ठेवून पहिली चाचणी झाली. फोन सक्शन कपने टपाला चिकटवला. चित्रात समोरच्या इमारतीचे ड्रेनेजचे पाइप चक्क वळवळत होते. वॉचमनने ते पाहिलं आणि इमारतीकडे एकदा नीट निरखून बघितलं. फोनचा कॅमेरा चित्र एका दमात घेत नाही, वरच्या ओळीपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचत जातो. खालची ओळ वाचेपर्यंत गाडी थरथरून थोडी सरकलेली असते, म्हणून पाइपाचं डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे. त्यातच भावोजींच्या वाचनात आलं की, मोटारसायकलच्या दणकट इंजिनाची थरथर सतत बसली तर फोनच्या कॅमेऱ्यातली यंत्रणा बिघडू शकते, अशी सूचना खुद्द ॲपलने २०२१ साली काढली होती. भावोजींनी तत्काळ निर्णय घेतला. ‘मग तुझा फोन लावू.’

थरथर अडवण्याचं शास्त्र माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. काही हलतंय म्हटलं की आपण ते आवळतो. शास्त्र म्हणतं, सैल सोडा. कॅमेरा मऊ स्प्रिंगांवर ठेवायचा, तोही वजन घालून. स्प्रिंग त्या वजनाने एक सेंटिमीटर दबली तर तिचा स्वतःचा झोका सेकंदाला साधारण पाच वेळा होतो. चार सेंटिमीटर दबली तर अडीच वेळा. त्या झोक्याहून बरीच जलद असलेली थरथर खालीच राहते, वर पोचत नाही. भावोजींच्या चार सिलिंडरच्या गाडीचं इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला आठशे फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला सत्तावीसेक धक्के. पाच झोक्यांच्या स्प्रिंगवर त्यातले हिशेबाने तीन-चार टक्केच कॅमेऱ्यापर्यंत जातात. हे मी कागदावर मांडून दाखवलं. भावोजी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. कागदावर सगळं जमतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

नुसती स्प्रिंग मात्र एकदा हलली की हलतच राहते. म्हणून तारदोराची वेटोळी घ्यायची. दोरातल्या तारा एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यात हादरा जिरतो. जहाजांवरची आणि लष्कराची नाजूक यंत्रं अशा वेटोळ्यांवर बसवतात. आम्ही गॅरेजवाल्याकडून जुनी क्लच केबल आणली. प्लायवूडच्या दोन फळ्या, चार कोपऱ्यांना केबलची चार वेटोळी, वरच्या फळीवर फोन. पण दोनशे ग्रॅमचा फोन वेटोळ्यांना दाबणार कसा? वजन हवं होतं. ते भाच्याच्या खोलीत मिळालं. एक जानेवारीला आणलेली आणि दोन जानेवारीपासून पलंगाखाली असलेली डंबेलची तबकडी.

सारा सांगाडा टपावरच्या कॅरिअरला बांधून आम्ही निघालो. अहमदाबाद महामार्गाने चिल्हार फाटा, तिथून बोईसर, पुढे तारापूरच्या बाजूने चिंचणी. एका नाक्यावर हवालदारसाहेबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

‘वर काय आहे?’

‘फोन आहे, साहेब.’

‘आणि ते डंबेल?’

‘फोन हलू नये म्हणून.’

त्यांनी भावोजींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लायसन्स न बघताच जाऊ दिलं. वेडे आणि गुन्हेगार यांतला फरक ओळखायला त्यांना ड्युटीवर पुरेशी वर्षं झाली असावीत.

पुढे गतिरोधक लागले. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची एक संस्था आहे. ती निवडणूक लढवत नाही, रस्त्यांची मापं ठरवते. तिच्या मापाने गतिरोधकाचा उंचवटा दहा सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, आणि ताशी २५ किलोमीटर वेगाने त्यावरून सुखाने जाता यावं. गावातला गतिरोधक मात्र कुणाच्या तरी म्हशीला धक्का लागला त्या रात्री, उरलेल्या डांबरात आणि उरलेल्या रागात तयार होतो. प्रत्येक गतिरोधकाला भावोजी ब्रेकबरोबर डोळेही मिटत होते.

चिंचणीला चहा घेताना चित्रण बघितलं, तर थरथर जशीच्या तशी. क्लच केबल, डंबेल, माझा कागद, सगळं वर बसून नुसता प्रवास करत होतं.

उलगडा वरोरला झाला. या पट्ट्यात डाय करणारे कारागीर आहेत. पोलादाच्या ठोकळ्यात दागिन्याची नक्षी उलटी कोरायची, त्यावर सोन्याचा पत्रा दाबला की नक्षी सुलटी उठते. केसाएवढा हात हलला तर सगळी मेहनत वाया, त्यामुळे न हलणं या विषयात त्यांच्याइतका अधिकार कोणाला नाही. भावोजींचे एक वर्गमित्र त्यांपैकीच. त्यांनी डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलं, सांगाडा उलटा केला आणि मधोमध बोट ठेवलं.

‘हा बोल्ट कोणी घातला?’

दोन्ही फळ्यांच्या आरपार एक लांबलचक बोल्ट होता. वरून नट. नटाखाली वायसर. वायसराखाली आणखी एक वायसर.

‘सेफ्टीसाठी,’ भावोजी म्हणाले. ‘रात्री मला झोप लागेना. वाटेत उडून पडला असता म्हणजे?’

‘अरे, वरची फळी तू खालच्या फळीला खिळवून टाकलीस. हादरा बोल्टातूनच वर जाणार. मधल्या तारा काय करणार? बसल्यात तुझ्यासारख्या पेन्शनवर.’

‘निदान नट थोडा ढिला ठेवू,’ भावोजींनी तडजोड काढली. तीही फेटाळली गेली. बोल्ट निघाला. फोन पडू नये म्हणून जाळं विणायच्या नायलॉन दोरीचा सैलसा फास आला, जो पडतानाच ताणला जाईल, एरवी नाही. बाजारातून परतणारी एक मावशी रिकामी पाटी घेऊन हे सारं बघत उभी होती. डोक्यावरच्या चुंबळीला हात लावून ती म्हणाली, ‘येवढ्यासाठी मुंबईहून आले? चुंबळच तर केली.’

खरंच होतं. भरलेली पाटी डोक्यावर घेऊन बंदरावरून बाजारात झपझप जाणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच शास्त्र वापरत आल्या आहेत, तेही डंबेलशिवाय. गॅरेट ब्राऊन नावाच्या अमेरिकन माणसाने सत्तरीच्या दशकात चालत्या माणसाच्या अंगावर न हलणारा कॅमेरा बसवला, स्टेडीकॅम म्हणून तो जगभर गाजला. चुंबळीचं कोणी पेटंट घेतलं नाही.

मग गाडी हळूहळू किनाऱ्याकाठाने काढली. यावेळी चित्रण पाहून भावोजींचा कंठ दाटून आला. बांबूंवर वाळत घातलेले बोंबील एकेक मोजता येत होते. भिंतीवरची ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही अक्षरं शेवटच्या काना-मात्रेपर्यंत वाचता येत होती. लांब डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची २७५ मीटरची चिमणी सरळ उभी होती, एकदाही वळवळली नाही. वास तेवढा चित्रात आला नव्हता. त्याची भरपाई गाडीच्या उघड्या काचांनी केली.

फक्त गतिरोधक आला की चित्र संथपणे वर जाऊन खाली येत होतं. त्याला इलाज नव्हता. गाडी स्वतःच्या स्प्रिंगांवर सेकंदाला एक-दोनदाच झुलते, आणि इतका संथ झोका अडवायला आमची स्प्रिंग अर्धा मीटर तरी दबायला हवी. म्हणजे टपाला भोक पाडून फोन भावोजींच्या मांडीवर घ्यावा लागला असता.

संध्याकाळी ओटीवर जाहीर खेळ झाला. शेजारीपाजारी जमले. आतल्या फाट्याचा रस्ता दिसायला लागला तेव्हा सगळे एकदम गप्प झाले.

‘हा कुठला रस्ता?’ एका काकांनी विचारलं.

‘आपलाच की.’

‘आपला? एवढा गुळगुळीत?’

आता त्या रस्त्याचं डांबर कधीच उडालेलं आहे आणि खाली नुसती खडी आहे. खडीवरून जाताना दात वाजतात. पण खडीचा हादरा बारीक आणि जलद, नेमका आमच्या तारांनी गिळलेल्या जातीचा. चित्रात गाडी लोण्यावरून चालल्यागत जात होती.

‘हे पुसून टाका,’ काका म्हणाले. ‘खडी वर आल्याचा अर्ज दिलाय आम्ही. साहेब पाहणीला यायचेत. त्यांनी हे बघितलं तर म्हणतील, यापेक्षा चांगला रस्ता आमच्या बंगल्यासमोर नाही.’

ओटीवर गंभीर चर्चा सुरू झाली. पुसायला माझा जीव होईना. अखेर भावोजी उठले, खिशातून तो लांबलचक बोल्ट काढला, दोन्ही वायसर काढले आणि पाना मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रस्त्यावरून पुन्हा चित्रण झालं. त्यात रस्ता आहे त्याच्या दुप्पट भीषण दिसतो, माड थरथरतात, आणि चिमणी पाहून वीज केंद्रालाही काळजी वाटावी. ती फीत अर्जाला जोडली गेली. पहिली आमच्या घरी आहे. दोन्ही खऱ्या आहेत.

‘बघितलंस?’ हात पुसत भावोजी म्हणाले. ‘तुझं शास्त्र तुझ्यापाशी. आवळल्याशिवाय सरकारी काम होत नाही.’