अण्णा परत इले!

मेलेला माणूस परत येऊ नये म्हणून कोकणात गाऱ्हाणी घालतात. 'झी मराठी'ने मात्र आपल्या मालिकेतल्या अण्णा नाईकांना दोनदा आवतण दिलं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका सुरू झाली तीच अण्णांच्या मरणाने. तेव्हा मालवणी मुलखाची बदनामी होते म्हणून सिंधुदुर्गात ओरड झाली. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात कथा मागे गेली आणि माधव अभ्यंकरांचे अण्णा जिवंत, वर प्रेयसी शेवंतेच्या दारात! ओरडणारे टीव्हीसमोर गप्प बसले. पुढे आकेरीतल्या, मालिकेतल्या नाईकांच्या वाड्यासमोर फोटो काढायला पर्यटकांची रीघ लागली.

मार्च २०२१ मध्ये तिसरं पर्व आलं, अण्णा-शेवंता भुतं होऊन. त्याच वर्षी मे महिन्यात 'फ्रेंड्स' या अमेरिकी मालिकेचे सहा जण सतरा वर्षांनी सोफ्यावर भेटले आणि जगाने डोळे पुसले. आमच्याकडे स्नेहसंमेलन वाड्यात, तेही मेलेल्यांचं.

शेवंतेच्या भूमिकेत अपूर्वा नेमळेकरच्या जागी कृतिका तुळसकर आली, तेव्हा खरी पंचाईत झाली. मेलेली बाई परत येते, हे प्रेक्षकांनी मुकाट मान्य केलं होतं. ती दुसऱ्या चेहऱ्याने येते, हे काही केल्या पटेना.

फोंडाघाटात, दाजीपूरकडे चढण्याआधी चहाला थांबलेल्या गाडीत हा विषय काढून बघा. तिन्ही पर्वं पाहिलेला गडी आधी ठणकावून सांगेल, "मी नाय बघूक ती शिरेल." मग शेवंता नेमकी कुठल्या भागात बदलली, तेही सांगेल.

आणि पुराव्याला पकडलंत, तर मालिकेतल्या विसरभोळ्या पांडूसारखा डोकं खाजवत म्हणेल, "इसरलंय."