सप्टेंबरच्या आत लाल

कॅलगरीत टोमॅटो लावायचा तर हाताशी पाच-दहा हिरवी बोटं नसली तरी चालतात, वजाबाकी मात्र यावी लागते. मेअखेरीस, व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीच्या आगेमागे रोपं बाहेर काढायची. त्याआधी काढली, तर एका रात्रीत दव गोठून पानं काळी. सप्टेंबरच्या मध्यावर पुन्हा तोच प्रकार. मधे उरतात जेमतेम पावणेचार महिने, आणि त्यातच गारपिटीचा मोसम!

नारायणगावकडे टोमॅटो करणाऱ्या मामाला हे फोनवर समजावून सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडं रोप लावलं की दोन-अडीच महिन्यांत तोडा सुरू. तुमच्याकडं काय रोपालाही व्हिसा लागतो का?"

लागतो. शिवाय मुदत संपली की हकालपट्टी.

इथला नवखा माळी मार्चमध्ये बियांच्या दुकानात जातो आणि 'ब्रँडीवाइन'च्या पाकिटावरच्या फोटोवर भाळतो. फोटोत अर्ध्या किलोचं गुलाबी फळ. खाली बारीक अक्षरांत 80 ते 90 दिवस. हे दिवस बी पेरल्यापासूनचे नसतात, रोप जमिनीत लावल्यापासूनचे असतात. त्याआधीचे सहा-आठ आठवडे रोप खिडकीत, घरातल्या माणसांची ऊन खायची जागा अडवून बसलेलं असतं. म्हणजे पहिलं फळ ऑगस्टच्या शेवटी, आणि बाकीची हिरवीगार फळं थेट थंडीच्या तावडीत.

त्यात इथल्या रात्री. भर जुलैतही पारा दहाच्या आसपास उतरतो, आणि बारा-तेरा अंशांखाली बहुतेक टोमॅटोंची फुलं फळ न धरताच गळतात. म्हणून वाण निवडायचा तो थंडीत वाढलेल्यांनी निवडलेला. 'सब-आर्क्टिक प्लेंटी' आमच्याच अल्बर्टातल्या बीव्हरलॉजच्या संशोधन केंद्रातला. बुटका, झुडपासारखा, तार-काठीचा खर्च नाही. 'स्टुपिस' चेकोस्लोव्हाकियातून आलेला, साधारण 55 दिवसांत फळ देणारा, वर चवीलाही चांगला. 'ओरेगॉन स्प्रिंग' ओरेगॉन स्टेट विद्यापीठातला. गारठ्यात परागीभवन झालं नाही, तरी तो बिनबियांची फळं धरतो. काम अडवायला कारण समोर असूनही न अडवणारा असा दुसरा कुणी माझ्या पाहण्यात नाही.

यांची फळं लहान असतात, हे खरं. 'स्टुपिस'चा फोटो पाठवला तेव्हा मामा म्हणाला, "असला माल क्रेटात भरून नेला, तर व्यापारी मलाच क्रेटात घालून परत पाठवेल." पण मामाला बाजार गाठायचा असतो, मला फक्त कोशिंबीर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शेजारचे गोरे आजोबा त्यांच्या भोपळ्याएवढ्या हिरव्या टोमॅटोकडे रोज बघत उभे राहतात, तेव्हा आमच्याकडे कोशिंबिरीला दाण्याचं कूट घालणं चालू असतं. सप्टेंबरात ते पिशवीभर हिरवी फळं आणून देतात. त्यांची तीळ-मिरची घालून चटणी उत्तम होते. पण चटणी करायची म्हणून सहा-आठ आठवडे कुणी खिडकी अडवत नाही.

तेव्हा थंड मुलखातल्या मंडळींनो, पाकीट हातात घेतलंत की फोटोवर अंगठा ठेवा आणि दिवसांचा आकडा वाचा. साठच्या वर असेल, तर पाकीट मुकाट्याने जागेवर ठेवा. मोठा टोमॅटो खायचाच असेल, तर दुकानात मिळतो.