बाळाचा पेग

महाराष्ट्रात व्हिस्की प्यायची तर वयाची 25 वर्षं पुरी लागतात, वर परवाना. आफ्रिकेतल्या एचआयव्हीबाधित तान्ह्या बाळाला यातलं काहीच लागत नसे. त्याच्या लोपिनावीर-रिटोनावीर सिरपमध्ये अल्कोहोल 42.4 टक्के. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर 42.8 लिहिलेलं असतं. म्हणजे पॉइंट चारची सूट मिळालीच की! लहान मुलांकडे कुणी लक्ष देत नाही, ही ओरड उगाचच.

औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून अल्कोहोल, आणि इवल्या बाळाला एक मिलीच, सकाळ-संध्याकाळ. मान्य. पण चव इतकी कडूजहर की पोर ओकायचं. ओकलं की आई पुन्हा पाजणार. चकण्याची सोय नव्हती.

शिवाय बाटलीचे नखरे. फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर ठेवलीत तर 25 अंशांखाली, तीही दोन महिन्यांत संपवा. मालावीत शिरे नदीच्या खोऱ्यात ऑक्टोबरात पारा चाळिशीला भिडतो आणि खेड्यात वीज नाही, तर फ्रिज कुठला? मग बाटली ओल्या वाळूत पुरायची. इकडे ‘गरीब देशांना औषधं कशी पोचतील’ यावर ज्या हॉटेलांत परिषदा भरतात, तिथे खोलीखोलीत एक बुटका फ्रिज असतो. त्यात काय, तर व्हिस्कीच्या चिमुकल्या बाटल्या! व्हिस्कीला फ्रिज लागत नाही हो, ती कपाटातही वर्षानुवर्षं सुखात राहते. पण तिच्यासाठी चोवीस तास वीज जळते, रोज सकाळी एक माणूस येऊन ती मोजून जातो, कमी पडली तर दुपारपर्यंत नवी हजर. याला म्हणतात पुरवठा साखळी. ती कशी उभारावी यावर खाली सभागृहात तीन दिवस स्लाइड दाखवत असतात.

ही दैना बाळांच्याच वाट्याला का? श्रीमंत देशांत गरोदरपणीच उपचार होतात, त्यामुळे तिथे बाधित बाळं जवळपास जन्मतच नाहीत. उरली ती गरिबांची, म्हणजे गिऱ्हाईक नाही. मोठ्यांसाठी याच सिरपमधल्या औषधाची उष्णतेत टिकणारी गोळी 2005 मध्ये आली. डोल्युटेग्रावीर हे उत्तम औषध मोठ्यांना 2013 मध्ये मिळालं. बाळांना? पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची गोळी 2020 मध्ये निघाली. तिला फ्रिज नको, आणि वर्षाचा खर्च 36 डॉलरच्या आत.

सात वर्षं! उपचार नसतील तर बाधित जन्मलेल्या बाळांपैकी निम्मी दुसरा वाढदिवसही बघत नाहीत. बाजार लहान आहे, जरा दम धरा, असं ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांना बसवा रांगेत आणि तेच सिरप पाजा. वजनाप्रमाणे मात्रा, भरल्या पोटी. ओकले तर पुन्हा पाजा. डोस चुकवून चालत नाही.