प्रोसेसरला बघायला आलेली माणसं

कुणाचं हाड मोडलं की बघायला जायची आपल्याकडे रीत आहे. गेल्या दिवाळीत आमच्या ताईकडे माणसं येत होती ती मात्र प्रोसेसरला बघायला.

भाच्याने सुटे भाग आणून घरीच पीसी जोडला होता. तो व्यवस्थित चालत होता, आणि तिथेच पाणी मुरत होतं. चालत्या वस्तूला हात लावल्याशिवाय आमच्या घराण्यातल्या पुरुषांना चैन पडत नाही. प्रोसेसरसोबत आलेला कूलर भाच्याला हळूहळू गरीब दिसू लागला आणि रंगीबेरंगी दिव्यांचा दुसरा कूलर घरात आला.

जुन्या कूलरचे चारही स्क्रू सुटले, पण कूलर काही जागचा हलेना. त्याच्या आणि प्रोसेसरच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते. ती थंड असली की भलतीच माया लावते. भाच्याने दात-ओठ खाऊन ओढलं. ‘टक्’ असा आवाज झाला, कूलर वर आला आणि त्याच्या पोटाला चिकटून प्रोसेसरही. सॉकेटची दांडी अजून बंदच होती. एएम४ जातीचा रायझन ५६००. चार सेंटिमीटरच्या चौकोनाखाली १३३१ पिना. त्यातल्या कोपऱ्यातल्या सात-आठ आडव्या झालेल्या.

बातमी पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत फराळाच्या ताटांबरोबर पोहोचली.

समोरचे आजोबा आले. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “कुठली वाकली आहे ते सोड, एवढ्या आहेत कशाला?” भाच्याने सांगितलं की काही वीज पुरवतात, काही मेमरीशी बोलतात, बऱ्याचशा नुसत्या ग्राउंडच्या असतात. “म्हणजे सरकारी खातं आहे,” असं म्हणून त्यांनी चकली उचलली. खालच्या वहिनी म्हणाल्या, “तांदळात ठेवा.” तो पाण्यात पडलेला नाही, असं सांगितल्यावर म्हणाल्या, “तरी ठेवा. वाईट तर काही होणार नाही ना!” ताईला भाच्याने दारातच अडवलं, कारण ती सिंथेटिक साडी नेसली होती आणि त्याला स्थिर विजेची धास्ती. “माझ्या घरात मलाच बंदी,” म्हणत ताई बाहेरूनच ओरडली, “सांगत होते, आयता घे!” भावजी तेवढे शांत होते. त्यांचा एकच प्रश्न होता आणि तो दर अर्ध्या तासाने येत होता: “वॉरंटी आहे ना?”

वॉरंटी होती. दुकानदाराने डबीतला प्रोसेसर उलटा करून पाहिला, सुलटा केला, डबी बंद केली आणि “फिजिकल डॅमेज” एवढंच बोलला. यापुढे युक्तिवाद नसतो.

परतताना भावजींनी विचारलं, इतकी नाजूक वस्तू असं तोंड वासून ठेवायची कशाला? प्रश्न रास्त होता. इंटेलने २००४ मध्येच पिना प्रोसेसरवरून काढून मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये बसवल्या. एएमडीनेही २०२२ च्या एएम५ सॉकेटमध्ये तेच केलं. म्हणजे वाकायची ती वाकतेच, फक्त भुर्दंड आता प्रोसेसरऐवजी बोर्डाच्या पदरात पडतो.

घरी शस्त्रक्रिया सुरू झाली. ०.५ च्या पेन्सिलमधलं शिसं काढून तिची पोकळ नळी पिनेवर चढवायची आणि पीन हळूच उभी करायची, हा जाणकारांचा जुना उपाय. मग पिनांच्या रांगांमधून भावजींचं एटीएम कार्ड फिरवून ओळ सरळ आहे का बघायचं. (“यातून पैसे जाणार नाहीत ना?” हा त्या दिवसातला त्यांचा तिसरा प्रश्न.) बऱ्याच पिना उठल्या. अगदी कडेच्या दोन मात्र पार झोपलेल्या होत्या. त्यांना घेऊन आम्ही तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

मोबाइल दुरुस्त करणारा तो माणूस मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला होता. त्याने प्रोसेसर घेतला, चिमटा उचलला. दिवाळीभरात “कसं काय झालं?” असं न विचारणारा हा पहिला मनुष्य. त्याने एक पीन सरळ केली. दुसरी त्याच्या चिमट्यात राहिली. ती त्याने कागदाच्या पुडीत बांधून भाच्याला परत दिली आणि पैसे एकाच पिनेचे घेतले. इतका सरळ हिशेब मी मोठमोठ्या हॉस्पिटलांत पाहिलेला नाही.

सोन्याचा इवलासा त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवून भाच्याने प्रोसेसर ठेवला. तो आपल्या वजनाने आत बसला. बसायला हवा तो तसाच, बोटाने दाबायचा नसतो. पीसी सुरू झाला! पण सोळा जीबीपैकी आठच दिसत होते. तुटलेली पीन मेमरीच्या एका चॅनेलची निघाली. भाच्याने दोन्ही रॅम उरलेल्या चॅनेलच्या खाचांत लावल्या, तेव्हा सोळा जीबी परत आले, वेग मात्र थोडा उतरला. “आठवतंय सगळं, फक्त वेळ लागतो,” भावजी म्हणाले, “माझंही असंच आहे. मला कुठे कोण बदलतंय?”

तेव्हा वाचकहो, कूलर काढायचाच असेल तर आधी दहा-पंधरा मिनिटं एखादा जड गेम खेळून यंत्र तापवा. मग ते बंद करा, प्लग काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळा. पेस्ट सुटेपर्यंत वर ओढू नका. एवढं करूनही काही वाकलंच, तर घरात सांगताना ‘व्हायरस आलाय’ म्हणा. बघायला कोणी येत नाही.