कात टाकणारं गाव

मेहुणेबुवांनी पिशवीतून गॉगल आणि नारळीच्या झाडांचं चित्र असलेला शर्ट काढला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. रोहा मागे पडलं होतं. दिवा-सावंतवाडी गाडीत शंकानिरसनाला भरपूर वेळ मिळतो. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतेक एकेरी. समोरून एखादी मानाची गाडी येणार असली की आपली गाडी लग्नातल्या गरीब नातेवाइकासारखी बाजूला सरून उभी राहते.

"भावोजी, स्टेशनपासून समुद्र किती लांब?"

"कुठला समुद्र?"

"सावर्ड्याचा. गोव्यातल्या."

गोव्यातही एक सावर्डे आहे, कुडचड्याला लागून. आम्ही निघालो होतो ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या, चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्याला. गंमत म्हणजे गोव्यातल्या सावर्ड्यालाही समुद्र नाही. म्हणजे मेहुणेबुवा दोन्हीकडे बुडाले, आणि तेही पाण्याशिवाय.

चिपळूण गेलं, कामथे गेलं आणि पाटी आली : 'सावर्डा'. रेल्वेने गावाचं लिंगच बदलून टाकलंय. गाव नपुंसकलिंगी, पाटी पुल्लिंगी. उरलेल्या स्त्रीलिंगाची सोय बाहेर उभ्या असलेल्या एकुलत्या एक रिक्षेने केली.

"मुंबयवरनं आलाव? कुणाकडं?" रिक्षावाल्याने विचारलं. कोकणात 'कुठं' हा प्रश्न दुय्यम, 'कुणाकडं' हा मुख्य.

"कुणाकडे नाही, गाव बघायला आलोय."

त्याने ब्रेक मारला, वळून आमच्याकडे नीट बघितलं. विशेषतः शर्टावरच्या नारळांकडे. "बघायला सगली डेरवनला जातात. सोडू?"

त्याचं खोटं नव्हतं. शेजारच्या डेरवणला शिवसृष्टी आहे, शिवचरित्रातले प्रसंग मूर्तींमधून उभे केलेले. तिथेच वालावलकर रुग्णालय आहे. त्यामुळे कुणी इतिहासासाठी डेरवण गाठतो, कुणी गुडघ्यांसाठी, आणि दोघेही सावर्ड्यावरून जातात. मुंबई-गोवा महामार्ग गावातूनच गेलाय. पूर्वी त्याचा नंबर 17 होता, आता 66 आहे. नंबर बदलला, धूळ तीच. या रस्त्याने अवघी मुंबई गोव्याला जाते, गणपतीला घरी येते, परत जाते. सावर्ड्यात थांबते ती फक्त चहाला.

गाव तसं सांगायला सोपं. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला न दिसणारा समुद्र, मध्ये जांभ्याचे सडे, त्यांच्या बेचक्यांतून भातखाचरं आणि कापशी नदी. समुद्र दिसत नाही याचं दुःख मानू नये. पावसाळ्यात ढग सह्याद्रीला अडतात आणि समुद्राचा बराचसा भाग आपल्या पायांनी अंगणात येतो.

बाजारात फिरताना पाठीला ड्रॉइंग बोर्ड लावलेली मुलंमुली दिसू लागली. मेहुणेबुवांना नवल वाटलं. रत्नागिरीतून 1989 आणि 1991 साली लोकसभेवर निवडून गेलेले गोविंदराव निकम इथले. त्यांच्या सह्याद्री शिक्षण संस्थेने शाळा-कॉलेजांबरोबर इथे चक्क कलामहाविद्यालय उभं केलं. चित्र आणि शिल्प शिकायला खेड्यातल्या पोराने मुंबईच गाठायला हवी, ही अट इथे मोडली. त्यातल्याच एका पोराने पाच मिनिटांत मेहुणेबुवांचं रेखाचित्र काढून दिलं. शर्टावरचा प्रत्येक नारळ हुबेहूब उतरला होता. चेहऱ्याच्या जागी त्याने थोडी मोकळी जागा सोडली होती.

मग आला तो वास. तुरट, धुरकट, उकळत्या लाकडाचा. सावर्डे हे काताचं गाव. खैराच्या ओंडक्याची साल आणि पांढरं लाकूड तासून टाकतात, आतला लाल गाभा बारीक करून पाण्यात उकळतात, तो काढा आटवत आटवत दाट करतात, मग निवत ठेवतात. खाली बसतो तो कात. त्याच्या वड्या पाडून वाळवायच्या. पानात चुना पडला की हाच कात लाल होतो.

मेहुणेबुवा तीस वर्षं जेवणानंतर पान खातात. बनारसी पानावर ते तासभर बोलू शकतात, आणि बोलतातही. त्या वासात मात्र ते गप्प उभे राहिले. "म्हणजे भावोजी, माझी जीभ बनारसची नाही?"

"नसेलही. कदाचित चिपळूण तालुक्यातली असेल."

पण काताची खरी गोष्ट याहून तुरट आहे. खैर तोडून, रानातच भट्ट्या लावून कात पाडणारे ते कातकरी. जमातीचं नावच धंद्यावरून पडलं. पुढे इंग्रजी अमलात जंगलांवर सरकारी कायदे आले, खैरावर हक्क राहिला नाही आणि धंदा हातचा गेला. आज कोकणभर कातकरी वीटभट्टीवर, मजुरीवर जगताना दिसतात. कात कारखान्यात गेला, कातकऱ्याकडे नाव तेवढं उरलं.

चहाच्या टपरीवर एका आजोबांनी आम्हाला शिमग्याचं आमंत्रण दिलं. इथला 'होल्टे होम' प्रसिद्ध. गावकऱ्यांचे दोन गट समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांवर पेटती लाकडं फेकतात.

"भांडणं होत असतील," मेहुणेबुवा म्हणाले.

"भांडान? न्हाय वो." आजोबा दुखावले. "भांडायला कोर्टात जातो आमी."

परतीला गाडी उशिरा होती, म्हणून स्टेशनच्या वाटेवर पान घेतलं. मेहुणेबुवांनी मोठ्या ऐटीत विचारलं, "कात इथलाच ना?"

पानवाल्याने चुना लावता लावता अभिमानाने सांगितलं, "छ्या! खास कानपूरवरनं मागवतो. इथला कोन खातो?"

मेहुणेबुवा काही बोलले नाहीत. पान खाल्लं, जीभ बाहेर काढून रिक्षेच्या आरशात बघितली. आता ते पानावर तासभर बोलत नाहीत, दीड तास बोलतात. वाढलेला अर्धा तास सावर्ड्याचा असतो, आणि ऐकणारा दरवेळी एकच शंका विचारतो : "गोव्यातलं ना?"